कडब्यावरची अठरा घरं

शिवकन्येने गाडी लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच तिच्या नाकात कडब्याचा वास शिरला. कोरडा, गोडसर, शिंक आणणारा. ज्या इमारतीची पाहणी करायला ती आली होती तिच्या नकाशात तळमजल्यावर ‘वाहनतळ’ असा शब्द होता, आणि त्या वाहनतळात सायकलसुद्धा मावली नसती. जमिनीपासून छतापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. मधे जायला वाट म्हणून काय ते माणूसभर रुंदीची बोळ ठेवलेली. त्या बोळीच्या टोकाला, नेमकी जिन्याच्या पोटाखाली, चारा बारीक करायची कडबाकुट्टी खडखडत होती. तिच्या मोटरीची वायर वर विजेच्या बोर्डाला अडकवली होती आणि कुट्टीचा भुस्सा उडून त्या बोर्डावर बोटभर साचला होता.

तिने खाली वाकून मोटरीवर हात ठेवला. हात ठेववेना इतकी ती तापली होती.

“बंद करा हे,” ती मशीनवरच्या माणसाला म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. मागे सुंदरराव उभे होते.

सुंदरराव म्हणजे शिरूर कासारच्या पंचक्रोशीतलं एक जुनं खोड. तीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम होते. आता ऊसतोड्यांच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष आणि दूध संस्थेचेही अध्यक्ष. एका खिशात घराचा शिक्का, दुसऱ्या खिशात दुधाचा, आणि कोणत्या खिशात कधी हात जाईल याचा भरवसा नाही. पण माणूस लबाड म्हणावा तर तसाही नव्हता. ही तीन मजली इमारत उभी राहिली ती त्यांच्याच हट्टाने. टोळ्या सहा महिने पश्चिमेकडे ऊस तोडायला जातात तेव्हा मागे म्हातारी माणसं आणि लेकरं पत्र्याच्या खोपटात राहतात. त्यांच्या डोक्यावर स्लॅब पाहिजे, असं ते बारा वर्षं बोलत होते आणि त्यांनी ते करून दाखवलं होतं. अठरा घरं. रंगसुद्धा देऊन झाला होता.

“ये पोरी,” ते म्हणाले. “तुजीच वाट बघत हुतो. उद्या सांजच्याला टोळ्या निघतेत. तुजा कागुद झाला की लेकरं वर चढली म्हनून समज.”

सगळं त्या कागदावर अडलं होतं. शिवकन्या नगरपंचायतीची कनिष्ठ अभियंता. तिच्या अहवालावर राहण्याचा परवाना निघणार होता, आणि परवाना निघाला तरच टँकरच्या यादीत इमारतीचं नाव चढणार होतं. त्या वर्षी पावसाने तोंडही दाखवलं नव्हतं. सिंदफणेचं पात्र पांढरं पडलं होतं, विहिरींच्या तळाशी पोरं गोट्या खेळत होती. खोपटांना टँकर नव्हताच; टँकरच्या यादीत नाव नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे स्लॅब असला काय आणि नसला काय. लेकरं आईबापांबरोबर उसाच्या फडात जाणार, हे ठरलेलं.

“मामा, हे काय आहे?” तिने कडब्याकडे बोट केलं.

“कडबा हाय.”

“तो दिसतोय मला. इथं कशाला?”

“मंग कुठं ठिवावा? दूध संस्थेनं सोलापूरकडून चार टरक आणला. माळावर टाकला तर रातीत हारपतो. औंदा सोनं न्हाई चोरीला जात, कडबा जातो. हितं वर मान्सं, खाली चारा. डोळ्यासमूर हाय. पाच गावच्या गाई ह्याच्यावर जगायच्यात.”

म्हणजे पाच गावच्या सभासदांना इथून चारा मिळणार, कुट्टी इथेच होणार, बैलगाड्या इथेच भरणार. तिने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. नुसती राहायची इमारत, एवढ्या उंचीची, एवढ्या घरांची, तिला एक सव्वातीन फुटी जिना नियमाने चालतो. पण खाली गोदाम आलं, मशीन आलं, बाहेरच्या लोकांची देवघेव आली, की ती नुसत्या घरांची इमारत राहत नाही. तिला धंद्याच्या इमारतीचे नियम लागतात. मग वरच्यांना बाहेर पडायला दुसरा जिना लागतो, मधे आग अडवणारी भिंत लागते, आणि आग विझवायला वेगळी भरलेली टाकी लागते. त्या टाकीतलं पाणी कुणी प्यायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकून सुंदरराव हसले. हसणं कडू होतं.

“मान्साला प्याया पानी न्हाई, अन् तू इस्तवासाठी साठवून ठिव म्हनती? कुलूप लावून? आन् दुसरा जिना एका दिसात कोन बांधनार, तुजा आज्जा?” त्यांनी जिन्यावर हात आपटला. “ह्यो जिना अरुंद दिसतो तुला? अगं, तुजी माय फूटभर फळीवरून डोक्यावर मोळी घिऊन टरकावर चढती. तीस वरसं चढली. पोटात तू हुतीस तवा बी चढली. त्या मान्सांला हे सव्वातीन फूट म्हंजी हमरस्ता हाय.”

तिने एवढंच म्हटलं, “चारा आणि मशीन बाहेर काढा, मी आजच्या आज घराची इमारत म्हणून लिहून देते. नाहीतर नाही.”

“आन् गाई?”

शिवकन्येने हेल्मेट उचललं.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. ती आईच्या खोपटापाशी पोचली तेव्हा छबुबाईला सगळं कळलेलं होतं. छबुबाई भांडी पोत्यात भरत होती. शिवकन्येचा भाऊ बंकट कोयत्यांना धार लावत बसला होता. त्याची दोन लेकरं, सात आणि पाच वर्षांची, पणजीच्या, म्हणजे शिवकन्येच्या आजीच्या, बायनाबाईच्या अंगावर लोळत होती. बायनाबाईला सत्तरीत डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं पण नव्या घरात दुसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली झोपायला मिळणार, म्हणून ती खूश होती.

“तू लिहून देनार न्हाईस म्हनं,” छबुबाई न बघताच म्हणाली.

“आई, खाली वाळला कडबा आहे. वर लेकरं झोपणार.”

“आन् फडात काय वर गादी, खाली फरशी ऱ्हाती का?”

हे टोचलं, कारण ते तिला ठाऊक होतं. दुसरीत असताना शिवकन्या एक अख्खा हंगाम फडात होती. धाकट्या बंकटला उसाच्या वाळल्या पाचटावर निजवून ती लाल फडकं हातात घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहायची, ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरला दिसावं म्हणून. एका सकाळी फडकं हलवायला तिला क्षणभर उशीर झाला होता. चाक बंकटच्या उशाशी थांबलं. तिसरीपासून बायनाबाई मागे राहिली, म्हणून शिवकन्या शाळा शिकली, बीडला गेली, इंजिनिअर झाली. आता ती बीडला भाड्याच्या खोलीत राहायची, रोज गाडीवर येऊन जाऊन नोकरी करायची आणि संध्याकाळी पुढच्या परीक्षेच्या वर्गाला बसायची. पाचट, खोप, मोळी यांच्यापासून ती फार लांब निघून आली होती, आणि तिला परत तिकडे जायचं नव्हतं.

“लिहून दिलं तर जळायची भीती,” बंकट कोयत्याच्या पात्यावर अंगठा फिरवत म्हणाला, “न्हाई दिलं तर चाकाखाली यायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. ताई, तूच सांग काय करावं.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे एक पुढारी होते, ज्यांनी आजवर तिला कधी फोन केला नव्हता. त्यांनी तिच्या कामाचं कौतुक केलं, समाजाच्या लेकीने समाजाला अडवू नये असं म्हटलं, आणि बदलीच्या गोष्टी किती सहज होतात हे गोड आवाजात सांगितलं. तिने फोन ठेवला. मग उठून बंकटला म्हणाली, “उद्या सकाळी नऊला अठराच्या अठरा घरांना इमारतीपाशी यायला सांग. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी. सुंदरमामांनाही.”

सकाळी सगळे आले. तमाशा म्हटल्यावर कोण येत नाही? शिवकन्येने एकतीस लेकरं आणि चौदा म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर चढवली. लेकरांना ही मौज होती, ती धावतच गेली. बायनाबाई काठी टेकत, भिंत चाचपत गेली. बाकीचे, म्हणजे ऊसतोडीला जाणारे आईबाप, खाली उभे राहिले. कडबाकुट्टी आधी बंद करवली होती.

“मी शिट्टी वाजवली की वरच्यांनी खाली यायचं,” ती म्हणाली. “खाली आग लागलीय असं समजा. खालच्यांनी काय करायचं ते तुमचं तुमी बघा.”

“आमी काय करनार, टाळ्या वाजवू,” सुंदरराव म्हणाले आणि माणसं हसली. “दोन मिंटात खाली नाय आली तर नाव बदलीन, बे बंकट.”

तिने शिट्टी वाजवली.

पहिली काही लेकरं खिदळत उतरली. हसू होतं, पाय आपटत होते, सगळं छान चाललं होतं. मग दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी लेकरू पडलं आणि रडलं. साधंच रडणं, गुडघा फुटल्याचं. पण खाली उभ्या असलेल्या रतनबाईने तो आवाज ओळखला. तिचा पोरगा होता तो. ती धावली. ती धावली म्हणून तिच्या मागे दुसरी धावली, मग तिसरी, मग बाप्येही. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. आई वर चढत होती आणि लेकरं खाली येत होती, आणि पहिल्या वळणावर ती एकमेकांना भिडली. सव्वातीन फुटांत ना चढता येईना ना उतरता. वरून मागची लेकरं येतच होती, खालून बाया रेटतच होत्या. हसणं कधी संपलं आणि किंकाळ्या कधी सुरू झाल्या हे कुणाला कळलं नाही.

“थांबा!” सुंदरराव खालून ओरडले. “आरं, एकेक! एकेकानं!”

कुणी ऐकलं नाही. शिवकन्येने पुन्हा शिट्टी वाजवली, पुन्हा पुन्हा वाजवली, त्याने गोंधळ वाढलाच. तिला त्या माणसांच्या मधे बायनाबाईचं पांढरं डोकं दिसलं. म्हातारी भिंतीला चेपली गेली होती, काठी हातातून सुटली होती, आणि तोंड उघडं असून आवाज येत नव्हता. बंकट कठड्यावर बाहेरून चढला आणि एकेक लेकरू उचलून खालच्यांच्या हातात टाकू लागला. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, खालच्या बाया मागे सरकल्या आणि गाठ सुटली.

शेवटचं माणूस खाली आलं तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. एकालाही धूर लागला नव्हता, एक काडी पेटली नव्हती.

बायनाबाईचं कोपर सोललं होतं. ती ओट्यावर बसून थरथरत होती. छबुबाई शिवकन्येसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

“माज्या सासूला चेंगरून आमाला कायदा शिकीवतीस?”

शिवकन्येला रडू फुटलं. आपण चुकलो, हे असं करायला नको होतं, असं तिला मनापासून वाटलं. आणि न करता हे कुणालाही पटलं नसतं, असंही वाटलं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. छबुबाईने पाठ फिरवली.

सुंदरराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

“फळीवर दोगं कदीच नसत्यात,” ते कुणाला उद्देशून न म्हणता म्हणाले. “वरचा मोळी टाकून उतरल्याबिगर खालच्यानं पाय ठिवायचा न्हाई. ठिवला तर म्या चाबकानं फोडायचो एकेकाला. त्या पायी तीस वरसांत फळीवरनं मानूस पडला न्हाई माजा.” त्यांनी वर वळणाकडे पाहिलं. “हितं कोन थांबनार? लेकरू वर रडत आसल्यावर कोन थांबतंय खाली?”

मग तिथेच, लिंबाखाली, सभा बसली.

सभा सोपी नव्हती. तिथे जमलेल्यांपैकी अर्धे दोन्ही संस्थांचे सभासद होते. लेकरू त्यांचंच आणि गायही त्यांचीच. चारा बाहेर टाका म्हणणाऱ्याला दुसरा विचारी, तुझ्या दारात टाकू का? एकाने म्हटलं, निम्मा ठेवू, निम्मा काढू. शिवकन्या म्हणाली, निम्म्यानेही तेवढाच जाळ होतो. एकाने म्हटलं, मग लेकरं बरोबर घेऊन जाऊ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं शिवकन्येला वाटलं.

बंकट उठला. “टोळ्या न्यायच्या ट्राल्या कवा येनार?”

“दुपारी,” सुंदरराव म्हणाले.

“रिकाम्याच येनार ना? सहा हायत. पाच गावं हायत. ज्येच्या गावाचा चारा त्येच्या गावात नेऊन टाकू. ज्यानं त्यानं आपल्या दारात राखावा. मागं म्हातारी मान्सं हायतच, काठ्या घिऊन बसतील.”

“आन् चोरीला गेला तर?”

“तर गेला. चारा गेला तर गाय उपाशी मरंल, बे. ते बी वाईटच. पर सकाळी पायलं न्हाई का तुमी?”

हात वर करायला सांगितले. आधी रतनबाईचा वर गेला, मग बायांचे सगळेच. छबुबाईचाही गेला, पण शिवकन्येकडे न पाहता. बाप्ये मागून आले. सर्वांत शेवटी दूध संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे सुंदररावांचा. त्यांनी दोन्ही हात वर केले, एक घराचा आणि एक दुधाचा, आणि त्या अवघड घडीतही दोघा-तिघांना हसू आलं.

दुपारी सहा ट्रॅक्टर आले, आणि त्यांच्याबरोबर साखर कारखान्याचा माणूस उत्तरेश्वर. आपल्या ट्रॉल्यांत कडबा भरला जातोय हे पाहून त्याचं डोकं फिरलं. “आज सांजच्याला निघायचं ठरलंय. उद्या दुसऱ्या टोळ्या फडात घुसल्या तर मंग माज्या नावानं बोंबलू नका. म्या ट्राल्या घिऊन चाललो.” आणि तो खरोखर पहिल्या ट्रॅक्टरवर चढला.

सुंदरराव ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभे राहिले. इंजिन चालू होतं. सत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा हातात, चाकापासून हातभर अंतरावर.

“एक दिस दे, उत्तरेश्वर. न्हाईतर घाल अंगावरनं.”

उत्तरेश्वरने इंजिन बंद केलं नाही. ते तसंच घुरघुरत राहिलं. मग त्याने किल्ली फिरवली आणि तोंड फिरवून म्हणाला, “उद्या सकाळी आठ. एक मिंट जास्ती न्हाई.”

माणसांनी साखळी धरली. ऊसतोड्याला ओझं कसं हलवायचं हे शिकवावं लागत नाही. पेंढ्या हातोहात बाहेर येत होत्या, ट्रॉल्या भरत होत्या, जात होत्या, रिकाम्या परत येत होत्या. कडबाकुट्टी आठ जणांनी उचलली. शिवकन्येनेही ओढणी कमरेला बांधून पेंढ्या उचलल्या, आणि लहानपणानंतर पहिल्यांदा तिच्या हाताला कुसळं टोचली. छबुबाई तिच्या शेजारच्या साखळीत होती. दिवसभरात एक शब्द बोलली नाही.

सकाळी सात वाजता तळमजला झाडूनसुद्धा झाला होता. जिथे कडबा होता तिथे नुसता उजेड होता. शिवकन्येने विजेचा बोर्ड पुसलेला पाहिला, वायर काढलेली पाहिली, खांब मोजले. बाहेर ट्रॉल्यांत भांडी, पोती, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी चढली होती. तिने गाडीच्या सीटवर कागद ठेवला. एका रकान्यात इमारतीचा वापर लिहायचा होता. तिने पेन उघडलं.

“थांब,” छबुबाई म्हणाली. कालपासूनचा तिचा हा पहिला शब्द होता. “सही करायच्या आदी येक सांग. हितं तू झोपशील का?”

“झोपेन की,” शिवकन्या म्हणाली. फार पटकन म्हणाली, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं.

छबुबाईने कमरेची नव्या घराची किल्ली सोडली. “मंग ही घे. आजीनं कालपास्नं धास्ती घेतलीया, ती एकली जिना चढत न्हाई. आमी येस्तवर तू लेकरांपाशी झोप. जमत नसंल तर आत्ताच सांग, दोगांला ट्रालीत घालते.”

शिवकन्येच्या डोळ्यांसमोर बीडची खोली आली, संध्याकाळचा वर्ग आला, भिंतीला चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक आलं. सहा महिने. तिने किल्ली घेतली.

पण सही केली नाही. “आलेच,” म्हणाली आणि जिना चढायला लागली. आतापर्यंत ती इथे टेप घेऊन चढली होती. आता तिला इथे निजायचं होतं, कुशीत भावाची लेकरं घेऊन. दुसऱ्या मजल्यावर ती त्या घराच्या दारात उभी राहिली आणि तिने स्वतःला विचारलं, खालून धूर आला, खाली जाता येईना, तर मी लेकरांना घेऊन कुठे जाईन? वर. पाय आपोआप वर वळले. तिसरा मजला ओलांडून ती गच्चीच्या दारापाशी पोचली. दाराला हाताच्या पंजाएवढं कुलूप होतं.

पहिल्या दिवशी तिने इथवर येऊन यादीत ‘गच्चीला दार आहे’ यावर खूण केली होती. दार होतंच. कुलूप तिला दिसलं होतं की नव्हतं हेसुद्धा तिला आता आठवेना.

ती भराभर खाली आली. “मामा, गच्चीचं कुलूप काढा.”

“टाकी हाय वर,” सुंदरराव म्हणाले. “काल संस्थेनं टँकर आनून भरली. उघडं ठिवलं तर लोक रातीत घागरी भरून नेतेत.”

“काढा.”

“किल्ली तुज्यापाशी ठिव मंग.”

“अंधारात, धुरात किल्ली शोधत बसू? कुलूपच नको.”

उत्तरेश्वरने हॉर्न वाजवला. आठ वाजले होते. ट्रॉल्यांत चढलेल्या बाया वाकून बघत होत्या.

“आगं, पानी चोरीला गेलं तर काय पिताल समदी?”

“टँकर परत येतो, मामा.”

रतनबाईने ट्रॉलीत पदर तोंडाला लावला. म्हातारा जिना चढला, तीन मजले, मधे एकदा दम खायला थांबून. कडी वाजल्याचा आवाज खालपर्यंत आला. ते उतरले तेव्हा कुलूप त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी ट्रॉलीतल्या एका पोत्यात टाकलं आणि उत्तरेश्वरवर खेकसले, “हाक आता, कशाची वाट बघतुया?”

शिवकन्येने रकान्यात ‘निवासी’ लिहिलं आणि खाली सही केली.

ट्रॉल्या हलल्या. लेकरं धावत थोडं अंतर मागे गेली आणि थांबली. बंकटने हात हलवला. छबुबाईने नातवंडांकडे पाहिलं नाही. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत शिवकन्येकडे बघत राहिली.

धूळ बसली. ओट्यावर बायनाबाई काठी धरून बसली होती, सोललेल्या कोपराला हळद लावलेली. शिवकन्येने तिला हात दिला. म्हातारीने पहिली पायरी पायाने चाचपली आणि तिथेच थबकली.

“वरून कुनी येत न्हाई ना?” तिने विचारलं.

“न्हाई आजी. म्या हाय तुज्यासंगं.”

म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं आणि दोघी वर निघाल्या.